पंचवीस पौंड भरून मोकळं व्हायचं का?

आदरणीय ताई,
आम्ही इंग्लंडमध्ये, लंडनबाहेरच्या एका शहरात राहतो. माझे आई-बाबा सांगलीहून दोन महिन्यांसाठी आले आहेत. गेल्या शनिवारी त्यांना घेऊन बाजारात गेले होते. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कार पार्कमध्ये गाडी लावली. बाबांचे गुडघे दुखत होते, त्यांना टॉयलेटला जायची घाई होती, म्हणून चालता चालताच मोबाइल ॲपवरून दोन तासांचे पैसे भरले. परत आलो तर काचेवर पिवळं पाकीट. ‘पार्किंगचे पैसे न भरता गाडी उभी केली’, कोड ७३, दंड ५० पौंड, १४ दिवसांत भरला तर २५. घरी आल्यावर ॲप उघडून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. त्यात आमच्या जुन्या गाडीचा नंबर निवडलेला राहिला होता. ती गाडी आम्ही मार्चमध्येच विकली. पैसे गेले, पण भलत्याच गाडीच्या नावावर.
नवरा म्हणतो, २५ पौंड भर आणि विषय संपव. त्याच्या ऑफिसातला मित्र म्हणतो, असली पाकिटं कचऱ्यात टाकायची, काही होत नाही. इथल्या मंडळातले एक काका म्हणाले, काउन्सिलर ओळखीचे आहेत, शब्द टाकतो. बाबा ‘माझ्यामुळे झालं’ म्हणून गप्प बसलेत. आणि मला वेगळीच भीती आहे. आमचा आयएलआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज पुढच्या वर्षी आहे, काउन्सिलशी वाद घातला तर तिथे आडवं येईल का? गाडी नवऱ्याच्या नावावर आहे आणि गेल्याच महिन्यात आम्ही घर बदललंय. काय करू?
– एक वाचक

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र आज गुरुवारी सकाळी मिळालं. इतर पत्रं बाजूला ठेवून आधी हेच घेतलं, कारण तुमच्या कागदावरची मुदत चालू आहे. पाकीट काचेवर लागलं तो शनिवार हाच पहिला दिवस धरायचा, त्यानंतरचा रविवार नव्हे. म्हणजे आज सहावा दिवस, आणि सवलतीचा चौदावा दिवस पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. ‘दंड झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात’ असं समजून कितीतरी जण एका दिवसाने चुकतात आणि २५ चे ५० होतात.

तेव्हा आधी दोन गोष्टी. आज पैसे भरू नका. आणि शुक्रवारची वाट न पाहता, जमलं तर याच शनिवार-रविवारी काउन्सिलच्या वेबसाइटवर हरकत नोंदवा. पैसे भरले की प्रकरण तिथेच मिटतं. ‘आधी भरते, मग दाद मागते’ हा रस्ता इथे नाही. आपल्याकडे ‘पैसे भरून तक्रार नोंदवणं’ शहाणपणाचं मानतात, इथे त्याच सवयीने हक्क हातचा जातो. हरकतीचा निकाल लागेपर्यंत काउन्सिल तुमच्याकडून पैसे मागत नाही.

आता तुमच्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राचा सल्ला. तो कुठून आला असेल ते मला ठाऊक आहे, कारण या देशात पार्किंगचे तीन वेगवेगळे कागद मिळतात आणि दोघांचं लघुरूप तर एकच आहे, पीसीएन. काउन्सिल देते ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. सुपरमार्केट किंवा खासगी कार पार्कवाली कंपनी देते ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’. पहिली कायद्याने लावलेला दंड आहे, दुसरी कराराच्या आधारे केलेली मागणी आहे. तिसरा कागद पोलिसांचा, ‘फिक्स्ड पेनल्टी नोटीस’. खासगी कंपन्यांच्या नोटिसा फेकून द्यायच्या, ही समजूत एके काळी बरीच पसरली होती. २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टनंतर तीही फारशी शहाणपणाची राहिली नाही. काउन्सिलच्या नोटिशीला तर ती कधीच लागू नव्हती. तुमच्या पाकिटातला कागद नीट वाचा. त्यावर काउन्सिलचं नाव असेल आणि २००४ च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट ॲक्टचा उल्लेख असेल. हा कागद कचऱ्यात टाकला तर तो संपत नाही, पाय फुटून मोठा होत जातो. कसा, ते पुढे माझ्याच घरच्या गोष्टीत सांगते.

मंडळातल्या काकांना मनापासून धन्यवाद द्या आणि नम्रपणे नको म्हणा. त्यांचा हेतू चांगला आहे, त्यांची पिढी ‘वरून फोन गेला की काम होतं’ हे बघतच मोठी झाली. पण इंग्लंडच्या सरकारने काउन्सिलांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की निवडून आलेल्या सदस्यांनी कोणत्याही परिस्थितीत एखाद्या वाहनचालकाच्या हरकतीच्या निर्णयात भाग घेऊ नये. काउन्सिलरने शब्द टाकला तर तोच अडचणीत येऊ शकतो, आणि तुमचा खरा, सरळ अर्ज उगाच संशयाच्या सावलीत जाईल. तुमची बाजू तुमच्या तोंडूनच जाऊ दे. तेवढी ताकद तिच्यात आहे.

आता मूळ मुद्दा. इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण बहुतेक लोक इथेच घसरतात.

हरकती दोन जातीच्या असतात. एक म्हणते, ‘नियमभंग झालाच नाही, किंवा त्याची जबाबदारी माझी नाही.’ दुसरी म्हणते, ‘झाला, पण कारण ऐका आणि दंड माफ करा.’ या दोन्हींची भाषा वेगळी, पुरावे वेगळे आणि ताकदही वेगळी. पहिल्या जातीची उदाहरणं पाहा. तिकीट घेतलं होतं आणि ते डॅशबोर्डवर दिसत होतं. गाडी दंडाच्या आधीच विकली होती. गाडी चोरीला गेली होती. पाटीच नव्हती, किंवा पाटीवरची वेळ वेगळी होती. किंवा मुदत संपून दहा मिनिटं झालेलीच नव्हती. हे शेवटचं अनेकांना माहीत नसतं. २०१५ च्या एप्रिलपासून इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या पार्किंगच्या जागेत तुमची भरलेली किंवा फुकटची वेळ संपल्यावर दहा मिनिटं दंड लावता येत नाही. मात्र ही दहा मिनिटं पिवळ्या रेघेवर मिळत नाहीत, आणि जिथे उभं राहायलाच परवानगी नाही तिथेही नाही. तुमच्या प्रकरणात या दहा मिनिटांचा संबंध नाही.

तुम्हाला मोह होईल तो असा: ‘मी तर पैसे भरले, मग पैसे न भरता गाडी लावली असं कसं म्हणता?’ मन असं म्हणणारच. पण नियम वाचला तर तो म्हणतो की उभ्या असलेल्या त्या गाडीसाठी पैसे भरलेले हवेत. अधिकारी हातातल्या यंत्रात तुमच्या नव्या गाडीचा नंबर टाकून पाहतो, तिथे काहीच दिसत नाही. त्याने चूक केलेली नाही. म्हणून ‘नियमभंग झालाच नाही’ हा तुमचा भक्कम मुद्दा नाही. तो रेटून धरला तर उत्तरात एक ओळ येईल: तुमच्या गाडीसाठी पैसे भरल्याची नोंद नाही. झालं.

तुमची खरी ताकद दुसऱ्या जातीत आहे. काउन्सिलला त्या कार पार्कचे, त्या वेळेचे, पूर्ण पैसे मिळालेत. तुम्ही काही वाचवलं नाही, लपवलं नाही. ज्या गाडीच्या नावावर पैसे गेले ती तुमच्या मालकीची होती आणि आता नाही, हे कागदावर सिद्ध करता येतं. सोबत दुखऱ्या गुडघ्यांचे वडील होते. आणि ही पहिलीच वेळ असेल तर तेही सांगा. कोणत्याही टप्प्यावर दंड रद्द करण्याचा अधिकार काउन्सिलला आहे, आणि प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणदोषांवर पाहणं हे तिचं कर्तव्य आहे. ‘आमचं धोरणच असं आहे’ म्हणून डोळे मिटून नकार देणं तिला शोभत नाही. अनेक काउन्सिला कोणत्या परिस्थितीत दंड माफ करतात याचं धोरण आपल्या वेबसाइटवर ठेवतात. हरकत लिहायच्या आधी तुमच्या काउन्सिलचं ते पान शोधा. ॲपमध्ये नंबर चुकला तर काय, याबद्दल त्यात काही लिहिलं असेल तर तीच ओळ तुमच्या अर्जात उतरवा.

इंटरनेटवर तयार नमुने भरपूर मिळतात. त्यातला एक तर म्हणतो की १६८९ च्या बिल ऑफ राइट्सप्रमाणे कोर्टाशिवाय दंड करताच येत नाही. कृपा करून ते वापरू नका. तो युक्तिवाद इथे चालत नाही, आणि तो वाचल्यावर समोरचा माणूस तुमची खरी गोष्टही कानाआड करतो. तसंच पिवळी रेघ दोन बोटं तुटली होती, पाटी थोडी तिरकी होती, असले बारकावे. संडरलंडच्या एका प्रकरणात २०११ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने सांगितलं की खुणा तंतोतंत नियमाप्रमाणे नसल्या, पण चालकाला नियम पुरेसा कळत असला, तर दंड टिकतो. पाटी खरोखरच दिशाभूल करणारी असेल तरच तो मुद्दा घ्यावा.

तर लिहायचं कसं? इंग्रजीत, साध्या छोट्या वाक्यांत, एका पानात. राग बाजूला ठेवून. मी तुमच्या जागी असते तर हे लिहिलं असतं, मराठीत सांगते:

‘अमुक तारखेला, अमुक वाजता मी तुमच्या अमुक कार पार्कमध्ये आमची गाडी लावली. त्याच वेळी मी तुमच्या मान्य ॲपवरून दोन तासांचे पूर्ण पैसे भरले. पावती जोडली आहे. सोबत चालायला त्रास असणारे माझे वडील होते. घाईत ॲपमध्ये आमच्या जुन्या गाडीचा नंबर निवडलेला राहिला. ती गाडी आम्ही मार्चमध्ये विकली, त्याचा कागद जोडला आहे. ती गाडी त्या दिवशी तुमच्या कार पार्कमध्ये नव्हती. नंबर निवडण्यात माझी चूक झाली हे मी मान्य करते. पण शुल्क चुकवण्याचा हेतू नव्हता आणि ते शुल्क तुम्हाला पूर्ण मिळालं आहे. यापूर्वी आम्हाला तुमच्याकडून कधीही दंड झालेला नाही. जुना नंबर मी ॲपमधून काढून टाकला आहे. या परिस्थितीत आपल्या अधिकारात हा दंड रद्द करावा ही विनंती.’

‘यापूर्वी दंड झालेला नाही’ हे वाक्य खरं असेल तरच ठेवा. जे खरं नाही ते एक अक्षरही नको. दवाखान्यात नेत होतो असं लिहा म्हणजे माफ होईल, असा सल्ला देणारेही भेटतील. बाजाराला गेला होतात, तर बाजारच लिहा.

सोबत जोडायचं ते: ॲपची पावती, ज्यात वेळ, जागेचा कोड, रक्कम आणि जुन्या गाडीचा नंबर दिसेल. बँकेची नोंद. जुनी गाडी विकल्याचं डीव्हीएलएचं, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीचं, पत्र किंवा ईमेल. नव्या गाडीच्या नोंदणीचा कागद. आणि ॲपच्या पडद्याचा फोटो, दोन्ही नंबर एकाखाली एक दिसणारा. नोटिशीचा क्रमांक आणि गाडीचा नंबर टाकला की काउन्सिलच्या साइटवर अधिकाऱ्याने काढलेले फोटोही बघता येतात, ते आधी पाहा. त्यात कधी कधी आपल्याच बाजूचं काही सापडतं. तुम्ही पैसे भरल्याची वेळ आणि त्याच्या फोटोतली वेळ यांची तुलना करा. पैसे त्याच्या येण्याआधी भरलेले असतील, तर तुमच्या सचोटीचा तो सर्वांत बोलका पुरावा आहे. पाठवल्यावर मिळालेला क्रमांक जपून ठेवा, पडद्याचा फोटो काढा.

आता तुमच्या नवऱ्याचा हिशेब. २५ पौंड भर आणि मोकळी हो, हे त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. डोक्याची शांतता हीसुद्धा किंमत आहे, आणि परदेशात दोघं नोकरी करून आई-वडिलांची उठबस करताना ती फार मोलाची असते. पण या पहिल्या टप्प्यावर त्याचा हिशेब बरोबर नाही. सरकारच्या सूचना सांगतात की हरकत १४ दिवसांच्या आत पोहोचली आणि काउन्सिलने ती फेटाळली, तर सवलत पुन्हा द्यावी. बहुतेक काउन्सिला नकाराच्या पत्रात तसं लिहितात: आता आणखी १४ दिवसांत भरा, २५ पौंड. म्हणजे आज हरकत घेण्याची किंमत आहे एका संध्याकाळचं काम. सहसा जास्तीचा एक पौंडही पणाला लागत नाही. लागलेच तर पुढच्या टप्प्यावर लागतात.

पुढचा टप्पा असा. पहिली हरकत फेटाळली आणि तुम्ही पैसे भरले नाहीत, तर काउन्सिल गाडीच्या नोंदणीकृत मालकाला, म्हणजे तुमच्या नवऱ्याला, ‘नोटीस टू ओनर’ पाठवते. तिथून २८ दिवसांत औपचारिक हरकत घ्यायची. आता सवलत सहसा संपलेली असते, रक्कम पूर्ण ५०. काउन्सिलने ५६ दिवसांत उत्तर दिलं नाही तर हरकत मान्य झाली असं कायदा धरतो आणि दंड रद्द होतो. उत्तर आलं आणि ते नकाराचं असलं, तर पुन्हा २८ दिवसांत स्वतंत्र ट्रिब्युनलकडे अपील. लंडनमध्ये ते लंडन ट्रिब्युनल्स. इंग्लंडच्या बाकी भागात आणि वेल्समध्ये ट्रॅफिक पेनल्टी ट्रिब्युनल. तुमचं हे दुसरं. अपीलाला फी नाही. वकील लागत नाही. सगळं ऑनलाइन होतं, हवी तर फोनवर किंवा व्हिडिओवर सुनावणी मिळते. निकाल देणारे ॲडज्युडिकेटर स्वतः वकील असतात आणि काउन्सिलचे नोकर नसतात. हरलात तर भरायचे ते ५०. काउन्सिलचा खर्च तुमच्यावर टाकला जातो तो फक्त कुणी निव्वळ छळायला किंवा अगदीच अवास्तव वागून प्रकरण ओढलं असेल तर. म्हणजे शेवटपर्यंत गेलात आणि हरलात तरी आजच्यापेक्षा २५ पौंडच जास्त जातील.

तरी तुम्हाला मी शेवटपर्यंत जा असं सांगणार नाही. तुमची बाजू दयेची आणि समजुतीची आहे, आणि तिथेच ट्रिब्युनलचे हात थोडे बांधलेले असतात. नियमभंग झाला असं ॲडज्युडिकेटरला वाटलं, तर केवळ परिस्थिती सहानुभूतीची आहे म्हणून तो स्वतः दंड रद्द करू शकत नाही. फार तर ‘सबळ कारणं आहेत, फेरविचार करा’ अशी शिफारस तो काउन्सिलला करतो. काउन्सिलला ३५ दिवसांत त्यावर निर्णय कळवावा लागतो, नाहीतर शिफारस मान्य झाली असं धरतात. पण ती नाकारूही शकते. म्हणून माझं मत असं आहे की पहिल्या नकाराचं पत्र आलं की ते शांतपणे वाचावं. त्यांनी तुमची पावती पाहिली, जुन्या गाडीचा कागद पाहिला, आणि तरी विचारपूर्वक नाही म्हटलं, २५ ची सवलत पुन्हा दिली, तर भरा आणि सोडून द्या. पण पत्रात तुमच्या मुद्द्यांचा उल्लेखच नसेल, ‘तिकीट डॅशबोर्डवर दिसत नव्हतं’ असलं भलत्याच प्रकरणाचं उत्तर आलं असेल, किंवा त्यांच्याच छापील धोरणाविरुद्ध नकार असेल, तर थांबू नका. औपचारिक हरकतीत नेमकं तेच लिहा. पुढे ट्रिब्युनलसमोरही त्या मुद्द्याला वजन येतं, कारण औपचारिक हरकतीचा खरोखर विचार करणं हे काउन्सिलचं कायदेशीर काम आहे.

तुमच्या पत्रातली जी ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला ती वेगळीच आहे. ‘गेल्याच महिन्यात आम्ही घर बदललंय.’

२०१६ मध्ये आम्हीही घर बदललं. माझ्या यजमानांच्या नावावर गाडी होती. बँक, शाळा, डॉक्टर, सगळीकडे नवा पत्ता दिला. गाडीच्या लॉगबुकवर, म्हणजे त्या व्ही-फाइव्ह-सी नावाच्या नोंदणीच्या कागदावर, द्यायचा राहिला. लायसन्सवर बदलला होता, त्यामुळे झालं असंच वाटत होतं. लायसन्स आणि लॉगबुक यांचे पत्ते वेगवेगळे बदलावे लागतात. मध्ये एकदा दंडाचं पाकीट काचेवर लागलं होतं, ते बहुधा वाऱ्याने गेलं, आम्हाला मिळालंच नाही. नोटीस टू ओनर जुन्या घरी गेली. उत्तर नाही म्हणून ‘चार्ज सर्टिफिकेट’ निघालं, त्यात दंड निम्म्याने वाढतो, ५० चे ७५ झाले. तेही जुन्या घरी. मग नॉर्थॅम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमध्ये देणं नोंदवलं गेलं, त्याची फी वर चढली. आणि एका सकाळी नव्या घरी वसुली एजंटचं पत्र आलं. आमचा नवा पत्ता त्यांनी शोधून काढला होता. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ‘आपली गाडी नेणार का?’ असं तिने विचारलं ते मी अजून विसरलेले नाही.

सुटलो ते एका फॉर्ममुळे. नोटीस टू ओनर मिळालीच नव्हती असं सहीनिशी सांगणारं ‘विटनेस स्टेटमेंट’, टीई-नाइन, आणि मुदत उलटल्यावर ते का देत आहोत हे सांगणारा टीई-सेव्हन. दोन्ही फुकट. सेंटरने ते मान्य केल्यावर वाढीव आकार गेला आणि प्रकरण पुन्हा नोटीस टू ओनरवर आलं. चूक आमचीच होती, ५० पौंड भरले. पण ते तीन आठवडे आमच्या घरात कुणाला धड झोप लागली नाही.

म्हणून हरकत लिहायच्याही आधी, आज रात्री, नवऱ्याच्या लॉगबुकवरचा पत्ता पाहा. बदलला नसेल तर डीव्हीएलएच्या साइटवर बदला, त्याला पैसे पडत नाहीत. तो न बदलण्याबद्दल १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो हे वेगळंच. जुन्या घरी आता कोण राहतं त्यांना एक फोन करा, नवऱ्याच्या नावाचं काही आलं तर ठेवून द्या म्हणावं. आणि हरकतीच्या अर्जात नवा पत्ता ठळक लिहा.

आयएलआरबद्दल. पार्किंगचा नियमभंग एके काळी इथे गुन्हा होता. १९९१ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने आधी लंडनमध्ये आणि मग हळूहळू बाकी ठिकाणी तो फौजदारी कक्षेतून काढून काउन्सिलच्या हाती दिला. आज तुमच्या काचेवरचा कागद हा दिवाणी दंड आहे. त्याने कुणी गुन्हेगार ठरत नाही आणि लायसन्सवर पॉइंट येत नाहीत. आणि हरकत घेणं हा तर वादच नव्हे. ज्या कायद्याने दंड लावला त्याच कायद्याने हरकतीची वाट आखली आहे, नोटिशीवरच काउन्सिलला ती छापावी लागते. पुढच्या वर्षी अर्जात जो प्रश्न जसा विचारला असेल त्याचं तसं खरं उत्तर द्या. काळजी घ्यायची ती एवढीच की दंड दुर्लक्षित राहून वसुलीपर्यंत जाऊ नये. आपल्यातले कितीतरी जण व्हिसाच्या धास्तीने, चूक नसतानाही, वर्षानुवर्षं असे दंड निमूट भरत आलेत. मला याचं फार वाईट वाटतं. कर भरतो, भाडं भरतो, काउन्सिल टॅक्स भरतो, आणि आपली बाजू मांडायची वेळ आली की मात्र पाहुण्यासारखे उंबऱ्यावर उभे राहतो.

आणखी एक सांगते, कारण हल्ली हे फार वाढलं आहे. ‘तुमचा पार्किंगचा दंड बाकी आहे, इथे भरा’ असा मोबाइलवर मेसेज आला तर त्या लिंकला हात लावू नका. तुमच्यासारखा खरा दंड चालू असतानाच असा मेसेज आला की माणूस फसतो. काउन्सिलचा कागद काचेवर येतो किंवा पोस्टाने. पैसे भरायची वेळ आलीच तर काउन्सिलचा पत्ता स्वतः टाइप करून तिच्या साइटवर जाऊन भरा.

राहिले बाबा. त्यांना हरकतीचा मसुदा मराठीत वाचून दाखवा. त्यात त्यांच्या गुडघ्यांचं वाक्य आहे ते आधी विचारून घ्या. आपलं दुखणं परक्या कचेरीत लिहिलेलं काही वडिलांना आवडत नाही. नको म्हणाले तर ते वाक्य काढा, अर्ज त्याच्याशिवायही उभा राहतो. आणि हो म्हणाले, तर कागदपत्रं क्रमाने लावायचं काम त्यांनाच द्या. पावती, बँकेची नोंद, जुन्या गाडीचा कागद, नव्या गाडीचा कागद, फोटो. सांगलीहून आल्यापासून त्यांना या घरात कुणी काम सांगितलं नसेल.

उत्तर आलं की मला कळवा. नकार आला तर पत्राचे सगळ्या पानांचे फोटो पाठवा, मागची बाजूसुद्धा. पैसे भरायचे की नोटीस टू ओनरची वाट पाहायची, ते आपण तेव्हा बसून ठरवू.

तुमची,
ताई